दुसरी चूल

माणूस स्वतःच विकत घेतलेल्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायला आलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

मी बँकेत जायच्या गडबडीत होते. दार वाजलं. उघडलं तर बाहेर साठीच्या आसपासची एक उंच, काटकुळी बाई. एका हातात पत्र्याची ट्रंक, काखेत छत्री, केस घट्ट चापून बांधलेले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"कोण आपण?"

"मी हे घर घेतलंय. परवा खरेदीखत झालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची घाई दिसतेय. नको असेल तर मी नंतर येते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आधीचा मालक व्यापारी होता. तो यायचा तेव्हा दार न वाजवता आत शिरायचा आणि नळ सोडून बघायचा. त्याचीच मला सवय झालेली.

घर जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपल्यावर, गावठाणाच्या बाहेर होतं. आजूबाजूला भाताची खाचरं, पुढे उतार, आणि मधे हे लांबट, पत्र्याचं घर. मधोमध एक भिंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बिऱ्हाड. दारं दोन, ओटे दोन, चुली दोन. पूर्वेच्या बाजूला मी राहायचे. बदली होऊन जव्हारच्या शाखेत आले होते आणि गावात खोली मिळाली नव्हती. पश्चिमेच्या बाजूला चंदर, त्याची बायको सुनी आणि त्यांची मुलगी. ती साखरशेतकडची माणसं. जमीन नाही, कधी नव्हतीच. चंदर गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. पूर्वी दिवाळी झाली की सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. मुलगी शाळेत जायला लागली आणि चंदरनं ठरवलं, "आता नाय जावाचा भट्टीवर. पोरीची शाला हाय." त्या एका वाक्यासाठी त्यांनी ती बाजू भाड्यानं घेतली होती.

नव्या मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. मोखाडा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नव्हतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, दोघांपैकी एकाला काढा आणि राहायला या. पण सिस्टरना कुणाला 'निघा' म्हणणं जमेना. चंदरकडे जाऊन आल्या, तिथं मुलगी अभ्यास करत बसलेली. माझ्याकडे आल्या, तर माझ्या कुंड्यांना कळ्या आलेल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमची पुढची खोली रिकामीच दिसते. ती मला दिलीत तर? तेवढं भाडं कमी द्या."

अशा रीतीनं आमची घरमालकीण माझ्या पुढच्या खोलीत राहायला आली.

परवानगी मागणं हा त्यांचा स्वभावच होता. जीपमध्ये चढताना आधी बसलेल्या सगळ्यांना विचारायच्या, "बसू का?" ड्रायव्हर मुद्दाम म्हणायचा, "नको सिस्टर, उभ्याच राहा," आणि त्या खरोखर खाली उतरायला लागायच्या. स्वयंपाकघरात पाणी प्यायला येताना दाराशी थांबून खाकरायच्या. मी किती वेळा म्हटलं, अहो घर तुमचं आहे. त्या म्हणायच्या, "हो ना. अजून सवय व्हायचीय."

फक्त एकदा त्यांनी मोकाट वागून घेतलं. नोकरीभर सरकारी क्वार्टरात राहिलेल्या. तिथं भिंतीला खिळा मारायचा नाही, असं कुठल्याशा साहेबानं पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मग आयुष्यभर देवाची तसबीरसुद्धा खुर्चीवर टेकवून ठेवलेली. इथं आल्यावर बाजारातून पुडीभर खिळे आणले, मला विचारलं, "चालेल ना?" आणि चारी भिंतींना ठोकत सुटल्या. मी संध्याकाळी आले तर भिंतींना देवी आल्यासारखं दिसत होतं.

"काय टांगणार एवढ्यांवर?"

"काही नाही," त्या घाम पुसत म्हणाल्या. "मारता येतात म्हणून मारले."

बोलता बोलता समोरच्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त बघायची त्यांना खोड होती. भाजीवाली, जीपचा ड्रायव्हर, दारावर आलेला मीटरवाला, कुणीही सुटायचं नाही. आमच्या शाखेत खातं उघडायला आल्या तेव्हा त्यांनी मॅनेजरांची पापणी ओढली आणि "पालेभाजी खात नाही वाटतं" असं सगळ्यांसमोर सांगितलं. भेटल्यावर 'कसे आहात' विचारायच्या ऐवजी "पोट साफ आहे ना?" विचारायच्या. आणि गरोदर बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची ती तुतारीच्या आकाराची नळी असते ना, ती त्यांनी जपून ठेवली होती. ती छताच्या वाशांना लावून वाळवी लागलीय का ते ऐकायच्या. स्टुलावर उभ्या, डोळे मिटलेले, कान नळीला. सुनी खालून स्टूल धरून विचारायची, "काय, पोरगा हाय का पोरगी?"

सुनीचं आणि त्यांचं चांगलं जमलं. तिच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च. "सिस्टर, तू काय खाल्ला का नाय? ये, बस." बँकेत मला मॅडम म्हणणाऱ्या माणसांमध्ये दिवस काढून घरी आलं, की भिंतीपलीकडून येणारं ते 'तू' मलाही बरं वाटायचं.

दोन बिऱ्हाडांचंच घर का घेतलं, हे मी त्यांना विचारलं होतं. निवृत्त झालेल्या माणसाला एवढा पसारा कशाला? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आधी त्या उपकेंद्रावर एक बाई होत्या. निवृत्त झाल्यावर तिथंच जवळ खोली घेऊन राहिल्या. एकट्या. मी रजेवरून आले, म्हटलं भेटून येऊ. बाहेरूनच वास आला." मग बराच वेळ त्या खडे वेचत राहिल्या. "त्यांच्या भिंतीपलीकडं कुणी नव्हतं गं. असतं तर निदान भिंत तरी वाजवली असती."

पुढे त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. पण त्यांनी घर बघताना विहीर पाहिली नव्हती, छप्पर पाहिलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. जीपमधून जाता येता त्यांना दोन ओटे दिसायचे आणि दोन्हींवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. त्यांनी ते विकत घेतलं.

व्यवहाराच्या वेळी व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, "बिनघोर घ्या. दोन बिऱ्हाडं, दोन मीटर, घरपट्टीसुद्धा दोन." सिस्टरनी दोन्ही घरपट्ट्यांच्या पावत्या पाहिल्या आणि त्यांचं समाधान झालं. सरकार ज्याचा कर घेतं ते सरकारला माहीत असणारच, आणि माहीत असलेलं ते मान्यच असणार, असा त्यांचा हिशेब. वडिलांच्या गावच्या सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे कागदोपत्री त्या शेतकरी होत्या. खुरपं कधी हातात धरलं नव्हतं, पण तेवढ्यानं शेताची जागा त्यांच्या नावावर व्हायला अडचण आली नाही.

पहिल्या पावसाळ्यात पत्रे गळले. जव्हारचा पाऊस एकदा लागला की भिंतींना शेवाळ चढतं, त्यात आमचे पत्रे जुनाट. पावसाळा सरल्यावर चंदर म्हणाला, "पत्रा काय, मी टाकतो ना. सामान आण, दोन दिवसांचा काम."

"परवानगी नको का काढायला?" सिस्टर म्हणाल्या.

आम्ही हसलो. जव्हारात काय नि मोखाड्यात काय, पत्रे बदलायला कुणी अर्ज केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोक मजले चढवत होते, गच्च्या झाकत होते. व्यापाऱ्यालाही त्यांनी फोन करून विचारलं. फोन स्पीकरवर होता. तो घाईघाईनं म्हणाला, "बाई, अर्जबिर्ज अजिबात करू नका हं." का, ते त्यानं सांगितलं नाही. फोन ठेवला.

"आपण काय चोरी करतोय?" सिस्टर मला म्हणाल्या. "आपल्याच घराचे पत्रे. मग विचारायला हरकत काय?"

मीही म्हटलं, नका विचारू. पण ज्या बाईनं सगळं आयुष्य विचारून काढलं, तिला न विचारता छप्पर बदलणं जमणार नव्हतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. शेवटी 'तरी कृपया परवानगी मिळावी, ही नम्र विनंती' असं लिहून खाली रेघ ओढली. कचेरीत स्वतः देऊन आल्या आणि येताना पेढे घेऊन आल्या.

काही दिवसांनी कचेरीचा इंजिनिअर आला. तरुण होता, वागायला नम्र. हेल्मेट काखेत धरून ओट्यावर चपला काढून आत आला. सिस्टरनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि खोडीप्रमाणे त्याची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. जेवणाच्या वेळा पाळत नाहीस." तो लाजून हसला. मग घर बघायला उठला.

"हे स्वयंपाकघर," तो म्हणाला.

"हो."

पलीकडे गेला. सुनी भाकरी थापत होती. "आणि हे?"

"तेही स्वयंपाकघरच."

"मॅडम, म्हणजे इथं दोन कुटुंबं राहतात."

"हो, दोन," सिस्टर अभिमानानं म्हणाल्या.

तो ओट्यावर येऊन बसला आणि हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मग त्यानं सावकाश सांगितलं. ही जागा गावठाणाबाहेरची. आराखड्यात हरित पट्ट्यात येते, म्हणजे शेतीसाठी राखलेली. इथं शेतकऱ्याला एका कुटुंबापुरतं राहण्याचं घर बांधायची परवानगी होती, तेवढी पूर्वेची बाजू. पश्चिमेची बाजू व्यापाऱ्यानं नंतर वाढवली आणि भाडेकरू ठेवले. त्याला परवानगी नाही. आता मागितली तरी या पट्ट्यात मिळणार नाही.

"पण दोन घरपट्ट्या घेता ना तुम्ही?"

"घरपट्टी ग्रामपंचायत घेते, मॅडम. आणि ती भरली म्हणून बांधकाम मंजूर होत नाही. पावतीवरच छापलेलं असतं तसं."

सिस्टर आत गेल्या, पावती घेऊन आल्या, चष्मा लावला. पावतीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात ते होतं. ओठ हलवत त्यांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मी अर्ज केला नसता तर?" त्यांनी विचारलं.

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. "तर मी आलोच नसतो, मॅडम."

तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. रागवायला कुणीतरी मिळालं असतं. व्यापाऱ्याला फोन लावला तर त्यानं शांतपणे सांगितलं की, तुम्ही पाहून घेतलंय, मी काही लपवलं नाही, तुम्ही विचारलं नाही. सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या बाईनं तेवढं एकच विचारलं नव्हतं.

नोटीस आली. दुसऱ्या कुटुंबाचा वापर बंद करा आणि वाढीव बांधकाम काढा, अशी. सिस्टर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आल्या. मी रजा काढून बरोबर गेले. तिथं एका खोलीत टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. गावठाणं पिवळी, बाकी जिकडेतिकडे हिरवं. तिथल्या बाईंनी गट नंबर बघून बोट ठेवलं.

"इथं माझं घर कुठाय?" सिस्टरनी वाकून विचारलं.

"घर नाहीये इथं, आजी."

"अहो, आहे. मी राहते तिथं. विहीर आहे, चिंच आहे."

"असेल. पण नकाशात हिरवा पट्टाच आहे."

सिस्टर त्या हिरव्यावरून बोटं फिरवत राहिल्या, आजाऱ्याचं पोट तपासावं तशा. त्या बाईंच्या पापणीकडे त्यांचा हात गेला नाही. परत येताना घाटात त्या म्हणाल्या, "रंग बदलायचा असेल तर कुठं अर्ज करायचा असतो गं?" मला हसू आलं नाही. निघताना मी त्या बाईंना तेच विचारून घेतलं होतं. त्याला सरकार लागतं, वर्षं लागतात, आणि एका घरासाठी ते कुणी करत नाही.

जव्हारच्या एका वकिलांनी थोडी आशा लावली. म्हणाले, "सगळे मिळून एकच कुटुंब आहे असं दाखवता आलं, तर त्या खोल्या वाचवायला निदान बोलता येईल. कदाचित. मी शब्द देत नाही."

सिस्टरनी त्यातलं 'कदाचित' ऐकलंच नाही. घरी येऊन सगळ्यांना ओट्यावर बसवलं. "कुटुंब म्हणजे काय? एका चुलीवर जेवतात ते. आजपासून चूल एक."

चंदरनं मधली भिंत फोडून दाराएवढं भगदाड पाडलं. सुनीची चूल काढून टाकली. भाडं बंद. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी आळीपाळीनं स्वयंपाक करू लागलो. सिस्टरच्या पाळीला सगळं उकडलेलं. सुनी म्हणायची, "सिस्टर, तू भाजीला पन इंजेक्शन देते का काय? चवच नाय." तिच्या पाळीला नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी. पंगत त्या भगदाडातून दोन्ही खोल्यांत मांडलेली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. चंदरची मुलगी पाढे म्हणत जेवायची आणि सिस्टर तिच्या चुका मुद्दाम न पकडता ऐकायच्या. सिस्टर खाकरायच्या थांबल्या. पाणी हवं असलं की सरळ यायच्या आणि घ्यायच्या. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्यात तेवढेच दिवस त्या कुणाच्या परवानगीनं जगल्या नाहीत.

चंदर मात्र अवघडला होता. "फुकट राहावाचा म्हनजे काय बरा नाय," असं मला एकदा हळूच म्हणाला. मग कुठून लाकडं आण, साखरशेतहून नाचणी आण, विहिरीचा रहाट दुरुस्त कर, असं काहीतरी करत राहायचा. सिस्टर म्हणायच्या, "अरे, घरच्या माणसासारखा राहा की." तो मान हलवायचा आणि पुन्हा कुदळ उचलायचा.

पाहणीला मोठे साहेब आले, बरोबर तोच इंजिनिअर. सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, "विचारलं तर एवढंच म्हणायचं, आम्ही एका घरची माणसं." साहेबांनी भगदाड पाहिलं, एकच चूल पाहिली. कपाळाला आठ्या घालून मला विचारलं, मी सांगितलं, एका घरची. सुनी पदर दातात धरून उभी होती. तेवढ्यात चंदर कामावरून आला. हाताला सिमेंट तसंच. दारात गाडी, गाडीचा ड्रायव्हर, साहेबांच्या हातात फाईल. तो जागच्या जागी थांबला आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"या बाई तुमच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

चंदरनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर त्याच्याकडे बघून मान हलवत होत्या, शाळेत मुलाला उत्तर सुचवावं तशा.

"मालकीन," तो म्हणाला. मग साहेबांचा चेहरा बघून त्याला वाटलं असावं की कमी सांगितलं. "आमची मालकीन हाय, साहेब. लय चांगली हाय."

साहेबांनी लिहून घेतलं.

"मी?" सिस्टर एवढंच म्हणाल्या. "मालकीण?"

इंजिनिअर जाताना चपला घालायला खाली वाकला, तो बराच वेळ वाकलेलाच होता.

चंदर संध्याकाळी भगदाडापाशी येऊन उभा राहिला. अलीकडे आला नाही. "माझा चुकला काय?"

"नाही रे," सिस्टर म्हणाल्या. "तू कशाला खोटं बोलशील?"

चंदरच्या बापानं, आज्यानं, ज्यांच्या जागेवर झोपडी घातली त्यांना हात जोडून मालक म्हटलं होतं. भीती वाटली की तोंडातून तोच शब्द येणार. हे सिस्टरना कळत नव्हतं असं नाही. पण तो शब्द त्यांना नोटिशीपेक्षा जास्त लागला. दुसऱ्या दिवशी पाणी हवं होतं तेव्हा त्या पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटचा हुकूम आला. सुनी आणि चंदर जव्हारात खोली शोधत फिरले. मीही दोन-तीन ठिकाणी बरोबर गेले. कुठले, काय करता, एवढं विचारून झालं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. एका बाईनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हाला पाहिजे असली तर आहे."

पाडायला माणूस लावायची वेळ आली तेव्हा चंदर म्हणाला, "दुसऱ्याला कशाला बोलवते? मीच पाडतो."

त्यानं आधी पत्रे उतरवले, मग वासे. सिस्टर अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, छत्री उघडून. मी आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, "तो एकटा पाडणार का?" चंदर घाव घालत होता, वीट निघत होती. जी वीट अख्खी निघेल ती तो वेगळी रचत होता. सुनीनं चौकट, खिडकी, पत्रे असं एकेक उचलून कडेला नेलं. सिस्टरनी सांगितलं होतं, जे न्यायचं ते न्या. दुपारी त्यांनी चंदरला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तो प्यायला आणि तांब्या त्यांच्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवला, मजुरांनी ठेवावा तसा. सिस्टरनी तो वाकून उचलला.

साखरशेतला जायच्या टेम्पोत पत्रे चढले, चूलभांडी चढली. मुलीच्या दप्तरावर कुणी पत्रा ठेवू नये म्हणून ती ते पोटाशी धरून बसली होती. सुनी सिस्टरना म्हणाली, "तू ये हां तिकडं. येशील ना?"

"येऊ का?" सिस्टरनी विचारलं.

"ये की. विचारते काय?"

पुढे जूनमध्ये माझी बदली झाली. घरात सिस्टर एकट्या राहिल्या. अगदी मंजूर नकाशाप्रमाणे, एका कुटुंबाचं घर आणि एक कुटुंब.

फोनवर बोलणं व्हायचं. दिवाळीनंतर त्यांनी सांगितलं, साखरशेतला जाऊन आले. जीपनं गेल्या, मुलीसाठी रंगपेटी घेतली होती. आपल्याच घराचे पत्रे त्यांनी लांबून ओळखले. दाराला दोरी बांधलेली. शेजारची म्हातारी म्हणाली, सगळी भट्टीवर गेली, पोरीलापण नेलं, हितं कुनाजवल ठेवतील? सिस्टर ओट्यावर थोडा वेळ बसल्या. रंगपेटी दाराच्या फटीतून आत सरकवायला बघितली, ती जाईना. म्हातारीला दिली तर तिनं हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, खावाचा हाय का?

मागच्या हिवाळ्यात बँकेच्या कामानं जव्हारला गेले, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे उतरले. पश्चिमेची उघडी पडलेली भिंत त्यांनी निळ्या प्लास्टिकच्या कागदानं झाकली होती. कागदाला वारा लागून एकसारखा आवाज येत होता. सिस्टर वाळल्या होत्या. पोट साफ आहे का, हे त्यांनी मला विचारलं नाही.

"विकायला काढलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्यात मी एकटी काय करू?"

"कुणी येतं का बघायला?"

"येतात की. परवाच नाशिकचं एक जोडपं आलं होतं. नवरा-बायको, दोघं तरुण, चांगली. तिला फार आवडलं. विहिरीचं पाणी प्यायली, चिंचेखाली उभी राहिली. म्हणाली, त्या बाजूला परत बांधून काढू, तिथं आई-बाबा राहतील, इकडं आम्ही. मी चहा टाकला होता."

"मग?"

"सांगितलं त्यांना सगळं. पट्टा कुठला, परवानगी केवढी, पावतीवर काय लिहिलंय. नकाशातला रंगही सांगितला."

"अहो, त्यांनी विचारलं होतं का?"

"नाही."

सिस्टर ओट्याच्या कडेला निघालेला सिमेंटचा पोपडा नखानं उचकटत होत्या.

"मुलगी भली होती. जाताना माझा हात धरून म्हणाली, बरं झालं आजी, सांगितलंत. नवरा तोवर गाडीत जाऊन बसला होता. चहा ओतून झाला होता माझा." सिस्टरनी पोपडा अंगणात टाकला. "तिन्ही कप मग मीच प्यायले."